राहत्या घरात किती पैसे घालावेत?

मुलुंड, बोरिवली, चेंबूर, विलेपार्ले, कुठल्याही जुन्या वसाहतीत आज चक्कर मारली की एक चित्र हमखास दिसतं. एका प्लॉटभोवती उंच पत्रे ठोकलेले असतात आणि आत जुनी इमारत पाडून खड्डा खणलेला असतो. शेजारच्याच इमारतीखाली टेम्पो उभा असतो आणि त्यातून लाद्यांचे खोके, प्लायवूड, सिमेंटच्या गोण्या उतरत असतात. एकाच गल्लीत एक घर पाडलं जातंय आणि दुसरं नव्याने सजतंय. दोन्हीकडच्या माणसांना घर विकायचं नाही. मुलांच्या शाळा, देऊळ, डॉक्टर, स्टेशन, सगळं इथेच आहे आणि पुढेही इथेच राहायचं आहे.

अशा माणसाला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न म्हणजे घराच्या कामावर खर्च करायचा किती? काँट्रॅक्टर नऊ लाख सांगतो, मेहुणे म्हणतात पाच लाखांत होईल, शेजाऱ्यांनी चौदा घातलेत. कुणाचा आकडा बरोबर, हे कळायला मार्ग नसतो. तो आकडा स्वतःचा स्वतः कसा काढायचा, ते इथे पाहू.

घराची किंमत एक, कामाची किंमत दुसरी

'घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत खर्च चालतो' असा ठोकताळा बरेचदा ऐकायला मिळतो. मुंबईत तो बिनकामाचा आहे. साडेचारशे चौरस फुटांचं घर दीड कोटीला जातं ते त्यातल्या ओट्यामुळे किंवा लाद्यांमुळे नव्हे. ती किंमत जागेची असते, स्टेशन किती जवळ याची असते. तेवढंच घर सांगलीत किंवा अकोल्यात असतं तर त्याची किंमत कितीतरी कमी असती, पण बाथरूम नवं करायला लाद्या तेवढ्याच लागल्या असत्या आणि पाइपही तेवढेच. म्हणजे जमिनीचा भाव चढला म्हणून आपण घरकामावर जास्त पैसे ओतायला मोकळे, असं होत नाही.

ज्याला घर विकायचं आहे तो 'घातलेले पैसे वसूल होतील का' असं विचारतो. विकायचंच नसेल तर वसुलीचा प्रश्न उरत नाही. मग उरतं ते इतकंच, की या कामाचा उपयोग आपल्याला किती वर्षं होणार आणि त्या प्रत्येक वर्षाचा आपल्यावर भार किती पडणार. सोयीसाठी हा भार आपण महिन्याचा काढू.

आधी वर्षं मोजा, मग पैसे

लोकलचा पास काढताना आपण हा हिशेब न शिकवता करतो. वर्षाचा पास महिन्याच्या पासापेक्षा स्वस्त पडतो, पण तीन महिन्यांनी नोकरी बदलणार असेल तर कोणी वर्षाचा काढत नाही. शिवाय पास दुसऱ्याला विकता येत नाही. जेवढा प्रवास आपण केला तेवढीच त्याची वसुली. घरातल्या पक्क्या कामाचंही असंच असतं. भिंतीत गेलेले पैसे परत निघत नाहीत, ते फक्त राहून वापरता येतात.

आता आकड्यांत पाहू. समजा काम नऊ लाखांचं आहे. मोबाइलवरचा कोणताही ईएमआय कॅल्क्युलेटर उघडा. कर्ज काढायचं नसलं तरी उघडा. रक्कम नऊ लाख, व्याज ७ टक्के, मुदत १५ वर्षं टाका. हप्ता येतो सुमारे ८,१०० रुपये. आता मुदत ४ वर्षं करा. हप्ता होतो सुमारे २१,५५० रुपये. काम तेच, लाद्याही त्याच. पण पंधरा वर्षं राहणाऱ्याला ते महिना आठ हजारांना पडतं आणि चार वर्षांत घर सोडावं लागणाऱ्याला साडेएकवीस हजारांना.

पैसे स्वतःचे असताना व्याज कशाला धरायचं, असं कुणी विचारेल. कारण ते नऊ लाख बँकेत मुदत ठेवीत असते तर त्यावर व्याज मिळालं असतं. ते सोडून दिलं, म्हणजे तोही खर्चच झाला. ७ टक्के हा मी उदाहरणासाठी घेतलेला दर आहे; तुमच्या ठेवीचा जो असेल तो घाला.

हा मासिक आकडा समोर आला की चर्चा एकदम वेगळी होते. 'नऊ लाख जास्त आहेत का' यावर घरात नुसती भांडणं होतात. 'या घरात अशा सुखाने राहायला महिना आठ हजार द्यायला आपण तयार आहोत का' याचं उत्तर मात्र देता येतं.

आपली इमारत किती वर्षं उभी राहणार?

मुंबईत सगळा हिशेब इथे येऊन ठेपतो. घर आपण सोडणार नसलो तरी इमारत आपल्याला सोडणार का? फ्लॅटची मालकी तुमच्याकडेच राहील, पत्ताही तोच राहील, पण इमारत पुनर्विकासात गेली की आतलं सगळं पाडलं जाईल. नव्या इमारतीत किती जागा मिळणार ते जुन्या चटई क्षेत्रावर ठरतं. आत इटालियन मार्बल होता की साधी मोझेक लादी, याने एक चौरस फूटही वाढत नाही.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन दोन कागद पाहावेत, असं मी आग्रहाने सांगतो.

पहिला कागद म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला मुंबई महापालिकेच्या कायद्यानुसार मजबुतीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ऑडिटमध्ये इमारतीची वर्गवारी केलेली असते. सी-१ म्हणजे धोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती लागणारी. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. सी-२ए इमारतीत कोणी फॉल्स सीलिंग करत असेल तर त्याला थांबवायला हवं. उद्या स्लॅबची दुरुस्ती निघाली की तेच सीलिंग आधी उतरवावं लागेल, आणि तोवर ते स्लॅबच्या भेगा झाकून ठेवील हे त्याहून वाईट.

स्वतःच्या डोळ्यांनीही बरंच दिसतं. समुद्राची खारट, दमट हवा काँक्रीटमध्ये मुरत मुरत सळईपर्यंत पोचते. सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि तो आतून काँक्रीट ढकलू लागतो. बीमच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत लांबच लांब भेग, तिच्यातून उतरलेला तांबूस डाग आणि बोटाच्या पेराने ठोकलं तर पोकळ आवाज, ही त्याची खूण. अशा भेगेवर पुट्टी भरून रंग लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. बीम, कॉलम, स्लॅब यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. ती तिच्याकडून करून घ्यावी, आणि ती झाल्यावरच आतल्या कामाला हात घालावा.

दुसरा कागद म्हणजे सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं. पुनर्विकासाची नुसती चर्चा चालू आहे की खरोखर काही हललंय, हे त्यांतून कळतं. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर सोसायटी पुढे जाऊ शकते. त्यापुढे प्रकल्प सल्लागार नेमायचा, जागेतून काय निघेल याचा अहवाल घ्यायचा, निविदा मागवायच्या, विकासक निवडायचा, करारनामा नोंदवायचा आणि महापालिकेची आयओडी, म्हणजे बांधकामाची सुरुवातीची मंजुरी, मिळवायची. एवढं झाल्यावर घरं रिकामी होतात. करारनामा नोंदवेपर्यंत पुनर्विकास 'येतोय' असं मी तरी धरणार नाही. पंधरा-पंधरा वर्षं नुसती चर्चा चालू असलेल्या इमारती प्रत्येक वॉर्डात आहेत.

काही इमारतींचं घोडं अडण्याची कारणं आधीच माहीत असतात. त्यातलं पहिलं एफएसआयचं. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं, ते प्रमाण म्हणजे एफएसआय. सत्तरच्या दशकातली तीन मजली इमारत बरीच जागा शिल्लक ठेवून बांधलेली असते, म्हणून बिल्डरला तिच्यात विकायला घरं उरतात. नव्वदच्या दशकातल्या सात मजली इमारतीने पुष्कळ एफएसआय आधीच वापरलेला असतो. तिच्याकडे बिल्डर सहसा वळत नाहीत. दुसरं कारण उंचीचं. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात विमानतळाच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या ये-जा करण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यामुळे, इमारत मनासारखी चढवता येत नाही. लष्करी आस्थापनांजवळ, किनाऱ्यालगत किंवा अरुंद रस्त्यावर असलेल्या इमारतींनाही आपापल्या मर्यादा आहेत. अशा ठिकाणी पुढची पंधरा-वीस वर्षं इमारत आहे तशीच राहील असं धरून खर्च करायला हरकत नाही.

पागडीच्या खोल्यांचं गणित निराळं. तिथे तुम्ही भाडेकरू असता. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर खोली परत मागायला भाडे नियंत्रण कायद्यात मालकाला आधार मिळतो. गिरगाव-लालबागमधल्या माळ्यांवर लाखो रुपये घालण्याआधी निदान संमतीचं पत्र हातात असावं.

हे सगळं पाहून एक आकडा ठरवायचा: चार वर्षं, आठ वर्षं, पंधरा वर्षं. तो अंदाजच असणार. पण अंदाज न करता खर्च करणाऱ्यापेक्षा तुम्ही पुष्कळ पुढे असाल.

आधी पाणी आणि वीज, मग बाकीचं

वर्षं ठरली की कामांची वाटणी करायची. एका बाजूला भिंतीच्या आतलं काम: वायरिंग, पाइप, वॉटरप्रूफिंग. दुसऱ्या बाजूला डोळ्यांना दिसणारं: लाद्या, रंग, फर्निचर, सीलिंग. बहुतेक घरांत पैसा दिसणाऱ्या बाजूला आधी जातो, कारण कौतुक तिथे होतं. माझ्या मते क्रम उलटा हवा आणि यात तडजोड करू नये.

वायरिंगचंच पाहा. चाळीस वर्षांपूर्वी घरात चार दिवे, तीन पंखे, एक फ्रिज आणि एक टीव्ही होता. आज त्याच तारांवर दोन एसी, गीझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन आणि इंडक्शन चालतंय. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. एसी-गीझरला साधारण ४ चौरस मिलिमीटरची लागते, तीही स्वतंत्र लाइनने. जुनी बारीक तार भिंतीच्या आत तापत राहते आणि आपल्याला कळतही नाही. जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारं बटण, आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं, अर्थिंग तपासून घेणं, या कामाला 'परवडतं का' हा प्रश्न लावू नये. घर चारच वर्षं टिकणार असलं तरी ते करावं.

बाथरूमही तसंच. बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब थोडा खाली घेतलेला असतो; त्यात विटांचे तुकडे आणि चुरा भरून वर कोबा घातलेला असतो. वॉटरप्रूफिंग गेलं की पाणी त्या भरावात साठतं आणि खालच्या घराच्या छतावर ओल उतरते. तुमच्या नळातली, संडासातली गळती ही सोसायटीच्या नियमांनुसार तुमचीच जबाबदारी; खालच्यांचं छत खराब झालं तर भांडण तुमच्या दारात. म्हणून बाथरूम फोडायचंच असेल तर फक्त लाद्या बदलून थांबू नका. भराव काढायला लावा, पाइप बदला, नवा थर द्या. मग पाण्याची वाट बंद करून चार बोटं पाणी भरून ठेवा, निदान २४ तास, शक्य असेल तर ४८. या काळात खालच्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन छत बघा. लादी त्यानंतरच बसवू द्या. मिस्त्री घाई करेल, 'काही होत नाही साहेब' म्हणेल. थांबायचं.

घरात आई-वडील असतील तर बाथरूमवरचा खर्च हा साऱ्या घरातला सगळ्यात मोलाचा खर्च मी समजतो. खरखरीत लादी, कमोडशेजारी भिंतीत घट्ट बसवलेला स्टीलचा दांडा, उंबरठा जवळजवळ सपाट, आणि दार बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार पडलेल्या माणसालाच अडतं. अरुंद मोरीत हे सगळं बसवायला डोकं लागतं, पैसे फार लागत नाहीत.

दिसणाऱ्या कामांबद्दल थोडक्यात. मुंबईच्या दमटपणात प्लायवूड फुगतं आणि वाळवीही लागते. सिंकखाली आणि बाथरूमलगत आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. बेडरूमच्या कपाटाला साधं आयएस ३०३ चालतं. सगळीकडे मरीन लावायचा आग्रह असेल तर तो का, हे विचारा. रंग काही वर्षांनी पुन्हा काढावाच लागतो, त्यात सगळ्यात महागड्या डब्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

एकच अंदाजपत्रक, दोन इमारती

आता ते नऊ लाख उलगडू. समजा काँट्रॅक्टरने असं लिहून दिलं: वायरिंग ८० हजार, बाथरूम-संडास २ लाख २० हजार, स्वयंपाकघर २ लाख १० हजार, घरभर नवी लादी १ लाख ४० हजार, फॉल्स सीलिंग आणि दिवे ९० हजार, भिंतीत बसवलेली कपाटं आणि टीव्ही युनिट १ लाख ६० हजार.

घर घाटकोपरला फनेल झोनमध्ये, इमारत सी-३, पुनर्विकासाचं नावही नाही. इथे पंधरा वर्षं धरली तर महिना आठ हजार शंभर. बचत पुरेशी असेल तर हे सगळं करणं शहाणपणाचं आहे. उलट इथे स्वस्तातलं काम करून आठ वर्षांत पुन्हा फोडावं लागलं तर तेच महाग पडेल.

तेच घर मुलुंडला तीन मजली इमारतीत, विकासक ठरलाय, करारनामाही नोंदवलाय. इथे चार वर्षं धरू. वायरिंग ८० हजारांचं पूर्ण करा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग चोख, लाद्या साध्या: १ लाख ६० हजार. स्वयंपाकघरात फक्त ट्रॉल्या, सिंक आणि गळणारा नळ: ६० हजार. लादी आणि सीलिंग, काहीच नको. भिंतीत बसवलेल्या कपाटांऐवजी सुटी कपाटं, ७० हजारांची. एकूण ३ लाख ७० हजार. त्यातली कपाटं भाड्याच्या घरात आणि तिथून नव्या घरातही जातील, म्हणून ती वगळली तर पाडल्या जाणाऱ्या भिंतींत गेले ३ लाख. चार वर्षांच्या हिशेबाने महिना सुमारे ७,२००.

म्हणजे दोन्ही घरांतल्या माणसांनी महिन्याला जवळजवळ सारखाच भार उचलला. एकाने नऊ लाख घातले, दुसऱ्याने पावणेचार, आणि दोघेही बरोबर.

'रीडेव्हलपमेंट येणारच आहे, मग हात कशाला लावायचा?'

हे वाक्य मुंबईत कित्येक घरांनी दहा-दहा वर्षं उराशी धरलंय. या आशेवर माणसं गळक्या छताखाली बादल्या ठेवतात, शॉक देणाऱ्या गीझरने अंघोळ करतात, म्हातारी आई निसरड्या मोरीत जपून पाऊल टाकत राहते. पैसे वाया जातील ही भीती खरी आहे. पण न केलेल्या कामाचीही किंमत मोजावी लागते. ती दवाखान्यात मोजावी लागते, किंवा रोजच्या जगण्यात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक कामाला एक प्रश्न विचारायचा: हे माझ्याबरोबर नेता येईल का? एसी, पंखे, गीझर, सुटी कपाटं, पडदे, गॅसची शेगडी, चांगली गादी, हे सगळं बरोबर जातं. त्यावर खर्च करायला पुनर्विकासाची वाट बघू नका. जे नेता येत नाही पण जिवाशी संबंधित आहे ते करा, साध्या मालात करा. जे नेता येत नाही आणि फक्त शोभेचं आहे, ते नव्या घरासाठी ठेवा.

'पण विकायची वेळ आलीच तर?'

आली तरी मुंबईतला गिऱ्हाईक चौरस फुटांनी भाव करतो आणि ताबा मिळाल्यावर तुमचा ओटा फोडून स्वतःच्या आवडीचा करतो. एक फायदा मात्र आहे. घरात केलेल्या पक्क्या सुधारणेचा खर्च भांडवली नफा काढताना घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो. सध्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही निवासी व्यक्तीला मिळतो. १२.५ टक्क्यांनी पाहिलं तर चार लाखांच्या पक्क्या कामामागे करात ५० हजार वाचू शकतात. म्हणजे आठवा हिस्सा. एवढ्यासाठी कोणी काम काढू नये, पण काढलंच तर बिलं जपावीत. सुट्या फर्निचरला किंवा नुसत्या रंगाला हा फायदा धरू नका.

इथेच 'बिल नको, जीएसटीचे १८ टक्के वाचतील' हा सल्ला आडवा येतो. बिल नाही तर कराचा पुरावा नाही, आणि उद्या गळती झाली तर काम कोणी केलं याचाही नाही. छोट्या मिस्त्रीची जीएसटी नोंदणी नसेल तर सही-तारखेचं साधं बिल घ्या आणि पैसे बँकेतून द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून काम खूप स्वस्त होईल असंही समजू नका. घराच्या आतल्या कामात सिमेंटचा वाटा लहान असतो, मोठा खर्च मजुरीचा, लाकूडकामाचा आणि लाद्यांचा.

'कर्ज काढून करावं का?'

पाण्या-विजेच्या कामासाठी बचत पुरत नसेल तर काढावं. अशा वेळी चालू गृहकर्जावर टॉप-अप किंवा दुरुस्तीसाठीचं गृहकर्ज हे पर्सनल लोनपेक्षा सहसा स्वस्त पडतं, ते आधी विचारा. करसवलतीच्या भरवशावर मात्र राहू नका. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला फक्त ३० हजारांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत राहत्या घराला ती नाहीच.

निवृत्त होताना हातात आलेल्या ग्रॅच्युइटीतून घर नवं करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. त्यात मला काळजी वाटते. कामाला हात लावण्याआधी निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याची सोय बाजूला काढून ठेवावी आणि त्या पैशांकडे पाहूही नये. उरलं त्यातून घर.

'हौसेचं काय?'

हौस असावी. आयुष्यभर खुराड्यात राहून एकदा मनासारखं स्वयंपाकघर करावंसं वाटलं तर त्याचं समर्थन कोणाला द्यायची गरज नाही. फक्त तिला 'गुंतवणूक' म्हणू नये. हौसेचा आकडा वेगळा लिहावा, पती-पत्नींनी दोघांनी मिळून ठरवावा, आणि त्यातून काय घ्यायचं ते रोज त्या खोलीत वावरणाऱ्या माणसाला ठरवू द्यावं. दिवसातले चार तास ओट्यापाशी उभी राहणारी बाई सांगेल, की ओटा दोन इंच उंच हवा आणि खिडकीपाशी उजेड हवा. ते काँट्रॅक्टरच्या कॅटलॉगात नसतं.

घर बाबांच्या नावावर, खर्च मुलाचा

यावर घराघरांत कुजबुज होते, उघड बोलणं नाही. मुलगा-सून आई-वडिलांबरोबर राहतात, घर वडिलांच्या नावावर, आणि आठ लाख मुलगा घालतो. बहीण ठाण्याला, धाकटा भाऊ पुण्याला. नुसता खर्च केला म्हणून घरात जास्त हिस्सा आपोआप मिळत नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असलं तरी नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मागाहून वाटणी कायद्याने किंवा मृत्युपत्राने होते. वडील असताना, सगळ्यांसमोर, हा खर्च मुलाकडून भेट आहे की पुढे हिशेबात धरायचा, हे बोलून घ्या आणि लिहून ठेवा. त्या एका संध्याकाळी थोडं अवघड वाटेल. वीस वर्षांनी बहीण-भावांचं बोलणं बंद होण्यापेक्षा ते बरं.

ठरलेला आकडा टिकवायचा कसा?

जुन्या इमारतीत भिंत फोडली की आत काय निघेल सांगता येत नाही: सडलेला पाइप, भरावात साठलेलं पाणी, जोड देत देत नेलेली तार. म्हणून अंदाजपत्रकावर १५ ते २० टक्के वेगळे ठेवा आणि ते काँट्रॅक्टरला सांगू नका. हे पैसे अडचणीसाठी आहेत, 'आता फोडलंच आहे तर तेही करून टाकू' यासाठी नाहीत. घराचे हिशेब बिघडतात ते बहुतेक वेळा याच वाक्याने. काम चालू असताना सुचलेली प्रत्येक नवी गोष्ट वहीत लिहा, दर विचारा आणि एक रात्र जाऊ द्या.

सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, राडारोडा उचलण्याचा खर्च आणि दोन महिने दुसरीकडे राहावं लागलं तर त्याचं भाडं, हे आकडे कोटेशनमध्ये नसतात. ते आपणच मांडायचे. संडास-बाथरूमची जागा हलवून ती खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आणू नका. सोसायटी अडवेल आणि ते योग्यच आहे.

पैसे टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामावर द्या. लाद्या बसण्याआधी उघड्या भिंतीतल्या पाइपांचे आणि तारांचे फोटो काढा, शेजारी मेजपट्टी धरून. पुढे खिळा ठोकताना तेच उपयोगी पडतील. आणि शेवटची पाच-दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवायची, हे करारातच लिहून घ्या. खिडकीच्या चौकटीतून पाणी येतं की नाही, हे जुलैच्या तिरक्या पावसाशिवाय कळत नाही.